सहा मैलांवरचा भाव

"कोन? लव्हॉन? समोरची लव्हॉन आपल्या समद्यांच्या वतीनं बोलनार?"

"मी न्हाई म्हनत, पेपर म्हनतोय." मिलोनं पेपर पंपाच्या दुकानातल्या काउंटरवर पसरला आणि चष्मा कपाळावरनं खाली ओढला. "हे बघ. 'टॅमरॅक फॉल्सच्या पंपमालकीण श्रीमती लव्हॉन क्युबियाक येत्या बुधवारी राजधानीत मॅडिसनला आमदारांच्या समितीपुढं छोट्या पंपवाल्यांची बाजू मांडणार.' वर फोटू बी हाय."

"दिसतोय मला फोटू. आंधळी न्हाई मी."

"निळा कोट लई खुलतोय तिला."

"कॉफी पी गुमान," आर्डिस म्हणाली आणि त्याच्यापुढं कप असा आदळला, की निम्मी कॉफी पेपरावर सांडली. निळा कोट तपकिरी झाला. तिनं फडकं घेतलं, पण पुसायची काही घाई केली नाही.

आर्डिस टोलेफसन त्रेसष्टची. हाडापेरानं रुंद, तोंडानं तिखट. माहेर दुधाच्या गोठ्याचं, त्यामुळं पहाटे चारला डोळा उघडायची खोड जन्माची. लग्न होऊन आली ती थेट सासऱ्याच्या पंपावर. सासऱ्यानं तिच्या हातात पहिल्या दिवशी ओवाळणीबिवाळणी काही ठेवली नाही, टाकीतलं तेल मोजायची लांब काठी ठेवली. नवरा रोलंड अकरा वर्षांमागं गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसला होता, तो बसल्या जागीच गेला. बादलीत चार मासे होते. तिनं डॉक्टरला फोन केला आणि माणसं जमेपर्यंत मासे साफ करून ठेवले. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे बाईचं. ती म्हणाली, "मासं थांबत्यात व्हय कुनासाठी?" दुसऱ्या दिवशी दुपारी पंप उघडा होता.

तिच्या पंपासमोर, रस्ता ओलांडला की लव्हॉनचा पंप. बावीस वर्षांपूर्वी ही बाई मिलवॉकीहून आली, बंद पडलेला पंप घेतला, त्याला रंग दिला. आर्डिसच्या बोर्डावरचे पेट्रोलच्या भावाचे प्लास्टिकचे आकडे अजून बांबूच्या टोकानं चिकटवावे लागत. लव्हॉनचा बोर्ड आत बसून बटण दाबलं की लाल दिव्यांनी बदले. तिच्याकडं गुरुवारी ताजे चीजचे तुकडे येत, दाताखाली चुईचुई वाजणारे. आर्डिसकडंही गुरुवारीच येत, त्याच डेअरीतनं, त्याच गाडीतनं. तरी लोक म्हणत, लव्हॉनकडचे जास्त वाजतात.

तर कायदा असा, की ठरवून दिलेल्या नफ्याच्या खाली कुणी पेट्रोल विकायचं नाही. मोठ्या पैसेवाल्यानं तोटा सोसून भाव पाडायचा, छोट्याला मारायचं आणि मग मन मानेल तसा भाव चढवायचा, हे होऊ नये म्हणून. त्यात एक वाट ठेवलेली. दुसऱ्यानं भाव उतरवलाच, तर त्याच्या बरोबरीला येता येतं. मात्र त्याच दिवशी सरकारला कागद पाठवायचा, की आम्ही अमक्याचा भाव बघून आमचा उतरवला. अमक्याचं नाव त्यात लिहायचं.

सहा मैलांवर हमरस्त्याच्या फाट्याला साखळीवाल्यांचा मोठा पंप होता. सोळा नळ, ट्रकवाल्यांना अंघोळीची सोय. तिथला भाव हलला की गावाचा हलणार. म्हणून आर्डिस रोज पहाटे साडेपाचला जुनी गाडी काढी, बर्फ असो की धुकं, सहा मैल जाई, काच खाली करून बोर्ड बघे, सहा मैल परत येई, बांबू घेऊन आकडे बदली आणि कागद लिही. आणि समोर? समोर लव्हॉन चहाचा कप हातात घेऊन खिडकीचा पडदा सरकवी, आर्डिसचा बोर्ड बघे, बटण दाबी. तिच्या कागदावर मग नाव जाई, 'स्पर्धक: टोलेफसन'.

"बारा मैल गाडी मी हाकायची आन हिनं पडदा सरकवायचा," आर्डिस सतरांदा म्हणे. पण त्या कागदावर आपलं नाव मॅडिसनला जातं, हे आठवलं की तिच्या तोंडाचा एक कोपरा वर जाई. लव्हॉन काही का असेना, रोज सकाळी उठून पहिल्यांदा बघते ते माझ्याकडं.

आणि आता आमदारांनी तोच कायदा तपासायला घेतला होता. ठेवायचा की मोडायचा. पेटकोविच नावाचा एक तरणा आमदार मोडायच्या मागं होता. कायदा मोडला तर फाट्यावरचा पंप महिनाभर फुकट दिल्यासारखं तेल विकील आणि गावातले दोन्ही पंप उन्हाळ्याच्या आत कुलूप लावतील, हे मिलोसारख्या रिटायर दूधगाडीवाल्यालाही कळत होतं. आर्डिसला सगळ्यांत आधी कळलं होतं. तिनं आपल्या भागाच्या आमदाराला, हॅलव्हर्सनला, या कायद्यावर आजवर नऊ पत्रं लिहिली होती. त्यानं दर नाताळला छापील कार्ड पाठवलं. आणि बोलायला बोलावलं कुणाला, तर निळ्या कोटाला.

"हॅलव्हर्सन म्हनतो, ती चांगली बोलती," मिलो म्हणाला.

"मंग मी काय रेकते?"

"तसं न्हाई. ती जरा शहरी बोलती. कमिटीपुढं तसंच लागतं."

"मी बी जानार हाय बुधवारी."

"तुला कुठं बोलावलंय?"

"बोलावनं कशाला लागतंय? आमदारांची सभा हाय ती, कुनाच्या घरचं लगीन न्हाई. दारात चिठ्ठी भरून दिली की कुनाला बी बोलता येतं. तू गाडी काढ."

मिलोनं गाडी काढली. मिलोला दुसरा उद्योग काय होता?

बुधवारी सहाला निघाले. साडेतीन तासांचा रस्ता. कडेला मार्चचा काळपट पडलेला बर्फ, कुत्र्यानं चावून टाकल्यासारखा. आर्डिसनं मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. त्यात रात्रीच बांधलेली सॉसेजची सँडविचं आणि एक कागद, ज्यावर तिनं आपलं भाषण लिहिलं होतं. भाषण चांगलं होतं. फाट्याच्या पंपाचं सगळं त्यात होतं, म्हाताऱ्या माणसांना तेल घ्यायला सहा मैल जावं लागलं तर काय होईल तेही होतं. लव्हॉनचं नाव कुठंच नव्हतं. मिलोनं ते वाचून "झ्याक हाय" म्हटलं होतं.

"तेवढंच वाच. पदरचं घालू नकोस," तो म्हणाला.

"मी पदरचं कवा घालते?"



घुमटाच्या त्या भल्यामोठ्या इमारतीभोवती गाडी लावायला जागा मिळेना. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला आर्डिसला दिसलं, की लव्हॉनचा निळा ट्रक अगदी पायऱ्यांसमोर उभा आहे.

"हिला बरी जागा घावली."

"लवकर आली आसंल."

"हॅलव्हर्सननं राखून ठिवली आसंल."

वर सभेच्या खोलीत दारापाशी चिठ्ठ्या होत्या. नाव, गाव, कायदा मोडण्याच्या बाजूनं की विरोधात, बोलायचंय का. आर्डिसनं 'विरोधात' आणि 'बोलायचंय' यांच्यापुढं एवढा दाबून बरोबरचा फराटा मारला, की चिठ्ठी फाटली. दुसरी घेतली.

लव्हॉन पहिल्या रांगेत होती. कोट निळाच, पण केसही कुणाकडनं तरी बसवून घेतलेले. हॅलव्हर्सन तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. आर्डिसला बघून त्यानं हात केला, तसा हात तो निवडणुकीत रस्त्यावरच्या कुणालाही करतो. लव्हॉननं मान हलवली, आणि आपल्या शेजारची खुर्ची रिकामी आहे असं बोटानं दाखवलं. आर्डिस मुद्दाम मागं जाऊन बसली.

लव्हॉनचं नाव पुकारलं. ती उठली, माइक आपल्या उंचीला वाकवला आणि बोलली. चांगलं बोलली, हेच तर वाईट झालं. आवाज कुठं चढला नाही, कुठं पडला नाही. आमदार टेकून बसले होते ते पुढं सरकले.

"सहा वर्षांपूर्वीच्या वादळाची गोष्ट सांगते," लव्हॉन म्हणाली. "तीन दिवस वीज नव्हती. हमरस्ता बंद. फाट्यावरच्या मोठ्या पंपानं दार लावून घेतलं, कारण त्यांच्या कंपनीचा तसा नियम आहे. पण आमच्या गावातला पंप जनरेटरवर चालू राहिला. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना तेल मिळालं. अडकलेले एकोणीस ट्रकवाले त्या दुकानाच्या फरशीवर झोपले. त्यांना बटाट्याचं सूप मिळालं. कुणी पैसे विचारले नाहीत. हा कायदा गेला, तर असा पंप उरणार नाही. पुढच्या वादळात तुमच्या गाड्यांनी कुणाचं दार वाजवायचं?"

एका म्हाताऱ्या आमदारणीनं चष्मा काढून पुसला.

आर्डिसनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. जनरेटर तिचा. फरशी तिची. सूप तिनं केलं होतं, तळघरातले दोन पोती बटाटे संपवून. त्या तीन दिवसांत लव्हॉनच्या पंपावर कुत्रं नव्हतं. तिच्याकडं जनरेटरच नव्हता, ती आर्डिसच्याच दुकानात कांदे चिरायला बसली होती. आता ही म्हणते, 'आमच्या गावातला पंप'. ऐकणारा काय समजंल? ऐकणारा समजंल, हिचाच.

"खोटं न्हाई बोलली ती," मिलो कुजबुजला.

"खरं बी कुठं बोलली?"

चार-पाच जण बोलून गेले. मग नाव पुकारलं, "आर्डिस टोलेफसन." ती माइकपाशी गेली. माइक अजून लव्हॉनच्या उंचीला होता. तिनं तो वर ओढला तेव्हा करकर असा आवाज साऱ्या खोलीत घुमला. भाषणाचा कागद तिनं समोर ठेवला. पण नजर पहिल्या रांगेतल्या निळ्या कोटावर गेली आणि कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी पांगली.

"ती वादळाची गोष्ट हाय का न्हाई," ती म्हणाली, "ती माझी हाय. पंप माझा. जनरेटर माझा. सूप बी माझंच. हिनं कांदं चिरलं, आन ते बी जाडंभरडं."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी मान डोलावली, म्हणजे पुढं बोला. आर्डिसला धीर आला.

"आन नुसतं वादळाचंच न्हाई. गावात त्याल कितीला जायचं, ते बी मीच ठरवते. रोज सकाळी सहा मैल मी जाते, बघून येते, भाव मी लावते. ही पडदा सरकवून बघती आन तेवढाच लावती. बावीस वरसं झाली. आन बोलायला हिला बोलावलंय."

टेबलाच्या टोकाला बसलेला पेटकोविच आतापर्यंत फोनवर काही बघत होता. त्यानं फोन उपडा ठेवला.

"श्रीमती टोलेफसन, मला नीट समजू द्या. रोज सकाळी भाव तुम्ही लावता."

"मीच."

"आणि श्रीमती क्युबियाक तुमचा बोर्ड बघून तोच भाव लावतात."

"सेंटाचा फरक न्हाई."

"बावीस वर्षांत एखादा दिवस तरी फरक?"

"एक बी न्हाई," आर्डिस म्हणाली. हा माणूस सकाळपासनं पहिलाच भेटला, जो नीट प्रश्न विचारत होता. "मागं पित्ताचं खडं काढाया मी चार दिस दवाखान्यात होते. राज्यात भाव खाली आला, पन आमच्या गावात चार दिस जागचा हलला न्हाई. का? तर बघायला माझा बोर्डच न्हाई बदलला."

आता बरेच जण हसले. आर्डिसही हसली. हॅलव्हर्सननं मात्र कपाळाला हात लावला, आणि त्याला काय झालं हे तिला कळेना.

"म्हणजे तुमच्या गावात स्पर्धा जी म्हणतात..." पेटकोविचनं वाक्य तिच्यापुढं उघड्या दारासारखं सोडलं.

"माझ्याशी?" आर्डिस म्हणाली. "कोन करनार?"

"आभारी आहे," पेटकोविच म्हणाला. "मला आणखी काही विचारायचं नाही. खरं तर मला दिवसभरात कुणालाच काही विचारायचं उरलं नाही."

फोटोवाला पुढं सरसावला, चकचक दिवे उडाले. आर्डिस ताठ मानेनं जागेवर आली. मिलो तिच्याकडं बघत नव्हता. तो टोपीचा काठ बोटांत फिरवत होता.

"काय झालं?"

"भाईर चल."

बाहेर संगमरवरी जिन्यापाशी लव्हॉन उभी होती. तिनं कोटाची बटणं लावली होती, एक चुकवून.

"आर्डिस, तू काय बोललीस ते तुला कळलंय का?"

"खरं बोलले."

"तो माणूस दोन महिने हेच शोधत होता. या कायद्यामुळं पंपवाले एकमेकांचं बघून भाव लावतात, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळत नाही, हे त्याला कुणाच्या तरी तोंडून हवं होतं. आपल्यातल्या कुणाच्या तरी. तू त्याला ते ताटात वाढून दिलंस. चार दिवस भाव खाली आला नाही, हेसुद्धा."

आता आर्डिसला कळलं. पण तोंड थांबलं नाही.

"तू माझं नाव घेतलं आसतंस, तर मी वर गेलेच नसते."

"मुद्दाम नाही घेतलं," लव्हॉन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सहा वर्षं त्या जनरेटरचं आणि बावीस वर्षं त्या बारा मैलांचं ऐकतेय मी. गावात कुणी माझ्या पंपावर तेल घेतलं तरी वर म्हणतं, आर्डिसबाईंचा पंप जुना, मानाचा. तीन मिनिटं होती मला. तीन मिनिटं तरी तुझं नाव नको म्हटलं. तेवढंही होऊ दिलं नाहीस." ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "उद्यापासून सहा मैल मी जाईन. तुझा बोर्ड तुला लखलाभ."

परतीच्या वाटेवर मिलोनं सँडविच खाल्लं. आर्डिसनं खाल्लं नाही. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "तिला बी माझं बघवत न्हाई म्हंजे."

"एवढंच ऐकलंस व्हय त्यातलं?" मिलो म्हणाला.

गुरुवारी पहाटे साडेपाचला आर्डिस फाट्याच्या वाटेला लागली. तिसऱ्या मैलावर समोरनं दिवे आले. निळा ट्रक. लव्हॉन परत चालली होती. दोघींनी एकमेकींना बघितलं आणि दोघींनीही हात केला नाही. त्या भागात समोरनं येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट तरी उचलायचं असतं, अनोळखी असला तरी. बोट उचललं नाही म्हणजे भांडण जाहीर झालं.

आर्डिस परत आली तेव्हा समोर लाल आकडे लागून गेले होते. फाट्यावरचा भाव दोन सेंटांनी उतरला होता. लव्हॉनचा तोच, आर्डिसलाही तोच लावायचा होता. तिनं बांबू घेतला, थंडीनं आकडे चिकटेनात, थुंकी लावून लावले. ती बांबू खाली ठेवते तोवर मिलो कॉफीला आलेला.

"आज तू तिचं बघून लावलंस जनू," तो म्हणाला.

"मी फाट्यावरनं आले!"

"मला ठावं हाय गं. लोकांना कसं कळनार? बोर्ड तिचा आधी लागला."

दिवसभर तिला तेच टोचत राहिलं. कायद्याचं नाही, पेटकोविचचं नाही, फाट्याच्या सोळा नळांचंही नाही. येणारा प्रत्येक जण आधी तिकडं बघतो आणि मग इकडं, असं तिला वाटे. शाळेची बस चालवणारी बाई सहज म्हणाली, "दोघींचा येकच भाव हाय की आज बी," तर आर्डिसनं तिला सुट्टे पैसे मोजून न देता मुठीनं दिले. संध्याकाळी तिनं सरकारचा कागद लिहिला. लव्हॉनच्या कागदावर आज कुणाचं नाव असेल, ते तिला न विचारता माहीत होतं. फाट्याचं. टोलेफसन हे नाव आज मॅडिसनला कुणी लिहून पाठवलं नव्हतं.

शुक्रवारी ती पाचलाच निघाली. रस्त्यावर गोठलेल्या दवाचा पातळ पांढरा थर होता आणि त्यावर चाकांचे ताजे ठसे होते. जाणारे आणि येणारे, दोन्ही.

सातला मिलो पेपर घेऊन आला. या खेपेला त्यानं तो पसरला नाही, घडी घालून पुढं सरकवला. पहिल्या पानावर फोटो आर्डिसचा. तोंड उघडं, हात वर, माइक हनुवटीत घुसलेला. खाली जाड अक्षरात तिचंच वाक्य, 'माझ्याशी? कोन करनार?' त्याखाली बातमी: समितीनं कायदा मोडायचा मसुदा आठ विरुद्ध पाच मतांनी पुढं पाठवला. पेटकोविचनं म्हटलं होतं, की टॅमरॅक फॉल्सच्या एका प्रामाणिक बाईनं माझं काम सोपं केलं.

आर्डिसनं सगळं वाचलं. मग फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मागं हीच हाय न्हवं?"

"कोन?"

"ही काय, निळ्या कोटात. खुर्चीत बसल्याली." तिनं बोट टोचून दाखवलं. "मी पुढं हाय तरी मी धुरकाट, आन ही बघ, केस न केस मोजून घ्यावा."

"आर्डिस," मिलो म्हणाला, "मोठ्या सभागृहात अजून मत व्हायचंय. तिथं बी सभा हुईल. लव्हॉन जानार हाय परत. जाऊन तिला एवढं सांग, की मी तोंड मिटून मागं बसते. कायदा गेला तर तुमी दोघी बी गेला."

"सांगनार हाय."

"कवा?"

ती समोर बघत होती. लव्हॉन काचेच्या दारावर कसलासा कागद चिकटवत होती, आणि आत चीजच्या गाडीचा माणूस खोकी उतरवत होता. या आठवड्याचं चीज एक दिवस उशिरा आलं होतं. गाडी आधी तिकडं थांबली होती.

"आधी तिच्याकडं कशी गेली ही गाडी?"

मिलोनं उत्तर द्यायच्या आत तेलाचा टँकर वळणावरनं आत आला आणि ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. आर्डिसनं पेपर फोटो खाली करून ठेवला, रबराचे बूट चढवले, कोपऱ्यातली लांब काठी उचलली. तिच्या टोकाला, टाकीत पाणी शिरलं असलं तर रंग बदलणारं मलम फासलं आणि टाकीचं झाकण उघडायला बाहेर गेली.